खोकणाऱ्या मुलाचं पोट बघायला शिका

खोकला मोठा म्हणजे आजार मोठा, हे गणित लहान मुलांच्या बाबतीत पुष्कळदा चुकतं. घर दणाणून सोडणारा खोकला असलेलं मूल दिवसभर हुंदडत असतं आणि जेमतेम खोकणारं एखादं तान्हं बाळ खरोखर धोक्यात असतं. म्हणून आमच्याकडे कुणाला खोकला झाला की मी आधी अंगातलं वर करतो आणि पोट-छाती बघतो. खोकल्याच्या आवाजाचा विचार नंतर.

घरात दोन मुलं. थोरली तीन वर्षांची, धाकटा सात महिन्यांचा. धाकटा अंगावर पितो म्हणून रात्री त्याची आई त्याच्यापाशी, आणि थोरली आजारी पडली की तिच्यापाशी मी. माझी आईही आमच्याजवळच असते. सध्या थोरलीचा खोकला चालू आहे, आणि तिच्या जागरणांत डोक्यात जे घोळत राहिलं ते इथे उतरवून काढतोय.

श्वास मोजायला मला आमच्या बालरोगतज्ज्ञ बाईंनी शिकवलं. थोरली तान्ही होती. माझ्या मांडीवर झोपली होती. त्यांनी तिला उठवलं नाही, फक्त झबलं वर केलं आणि मला म्हणाल्या, "घड्याळ बघा आणि तुम्हीच मोजा." पोट वर येऊन खाली गेलं की एक. मोजायचं ते पूर्ण मिनिटभर. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर आकडा फसवतो, कारण तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. मध्येच भराभर घेतं, मध्येच क्षणभर थांबतं. मूल झोपलेलं असावं किंवा शांत असावं. नुकतं रडलेलं, पीत असलेलं किंवा तापलेलं मूल मोजलं तर आकडा वाढलेलाच दिसणार.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी मर्यादा ठरवून दिल्या आहेत. 2 महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला 60 किंवा त्याहून जास्त, 2 महिने ते 1 वर्षाच्या आतलं 50 किंवा जास्त, आणि 1 ते 5 वर्षांचं मूल 40 किंवा जास्त श्वास घेत असेल तर तो जलद श्वास. अगदी तान्ह्या बाळाचा आकडा 60 किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा एकदा मोजून खात्री करायची. खोकला आणि जलद श्वास एकत्र आले की न्यूमोनियाचा संशय घ्यायचा आणि मूल त्याच दिवशी दाखवायचं. जिथे एक्स-रे नाही, तपासणीची साधनं नाहीत, तिथल्या आरोग्यसेवकांनाही न्यूमोनिया ओळखता यावा म्हणून ही पद्धत बसवली गेली. आईबापांना ती शिकवायला काय हरकत आहे, असं मला कायम वाटत आलंय. घड्याळ आणि डोळे, एवढंच लागतं.

आकड्याइतकंच महत्त्वाचं म्हणजे श्वास घेताना मुलाला कष्ट पडताहेत का. लहान मुलं पोटाने श्वास घेतात, त्यामुळे पोट हलताना दिसणं हे ठीकच आहे. बघायचं ते बरगड्यांच्या खालच्या कडेला. श्वास आत घेताना तिथली छाती आत ओढली जात असेल, दोन बरगड्यांमधली किंवा गळ्याखालची कातडी खड्डा पडल्यासारखी आत जात असेल, नाकपुड्या फुलत असतील, किंवा प्रत्येक श्वास सोडताना कण्हल्यासारखा बारीक आवाज येत असेल, तर मूल हवेसाठी झगडतंय. अशा वेळी थांबायचं नाही. ओठ किंवा जीभ निळसर दिसली, मूल प्यायचंच सोडून देत असेल, पोटात गेलेलं सगळंच उलटून पडत असेल, झटके आले, हाक मारून, हलवूनही नीट जागं होत नसेल, तर रात्र असो की पहाट, सरळ रुग्णालय गाठायचं. शांत असतानाही श्वास आत घेताना घशातून घरघरीत कर्कश आवाज येत असेल तरीही तेच.

मोठ्या माणसाला जी सर्दी दोन दिवस नाक पुसण्यापुरती होते, तीच सात महिन्यांच्या बाळाला इतकी का जड जाते? याचं उत्तर साध्या भूमितीत आहे. 8 मिलिमीटर रुंदीच्या श्वासनळीला आतून चोहोबाजूंनी 1 मिलिमीटर सूज आली तर वाट 6 मिलिमीटरची उरते, म्हणजे निम्म्याहून जास्त जागा शिल्लक राहते. 4 मिलिमीटरच्या नळीला तेवढीच सूज आली तर उरतात 2 मिलिमीटर, आणि जागा चौथ्या हिश्श्यावर येते. शिवाय पहिल्या काही महिन्यांत बाळं मुख्यतः नाकानेच श्वास घेतात. नाक चोंदलं की त्यांना धड पिता येत नाही, धड झोपता येत नाही. हे एकदा कळलं की "नुसती सर्दीच तर आहे" हे वाक्य तान्ह्या बाळाच्या बाबतीत तोंडून निघत नाही.

आता खुद्द खोकल्याविषयी. खोकल्याचं काम श्वासमार्ग मोकळा ठेवण्याचं. तीन वर्षांच्या मुलीला कफ थुंकता येत नाही, ती तो गिळते. आडवी झाली की नाकातलं मागे घशात उतरतं, म्हणून दिवसा बरी असलेली पोर झोपल्यावर तासाभरात खोकत उठते. कधी उबळ इतकी जोरात येते की उलटी होते, आणि उलटीत दुधाबरोबर चिकट कफ दिसतो. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पण एवढी एखादी उलटी झाली, मूल त्यानंतर पाणी प्यायलं आणि शांत झोपलं, तर घाबरण्यासारखं काही नाही. उलट पोटात साठलेला कफ बाहेर पडल्याने त्याला बरं वाटतं. चादर बदलायची, तोंड पुसायचं, पाठीवर हात फिरवत बसायचं.

माझ्या आईला हे बसून राहणं बघवत नाही. "अरे, पोर ढासतेय रात्रभर, खोकला दाबायला काहीतरी दे की तिला." तिचा जीव तुटतो म्हणून ती म्हणते, आणि तिच्याशी वाद घालण्यापेक्षा तिला नीट सांगणं मला गरजेचं वाटतं. खोकल्याच्या औषधांनी लहान मुलांचा खोकला लवकर बरा होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही; गुंगी, चिडचिड, छातीत धडधड हे त्रास मात्र होतात, आणि मात्रा चुकली तर जिवावर बेतू शकतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2008 मध्ये 2 वर्षांखालच्या मुलांना ही दुकानात सहज मिळणारी औषधं देऊ नका असं सांगितलं, आणि त्याच वर्षी तिथल्या कंपन्यांनी बाटल्यांवर 4 वर्षांखाली वापरू नये असं छापायला घेतलं. ब्रिटनने 2009 मध्ये 6 वर्षांची मर्यादा घातली. भारतातही ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळवलं की 2 वर्षांखाली ही औषधं लिहून देऊ नयेत, आणि 5 वर्षांखालीही ती सहसा देऊ नयेत. कोडीन हे अफूच्या जातीचं, खोकला दाबणारं द्रव्य असलेलं औषध तर 12 वर्षांखालच्या मुलांना नकोच. काही मुलांच्या शरीरात त्याचं फार वेगाने मॉर्फीनमध्ये रूपांतर होतं आणि श्वासच मंदावतो.

याहून काळी बाजू भेसळीची. पातळ औषध गोडसर, दाट करायला जे द्रावक वापरतात त्यांच्या जागी किंवा त्यांच्यात मिसळून डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन आलं की मूत्रपिंडं निकामी होतात. 1937 साली अमेरिकेत अशाच एका औषधाने 100 हून जास्त माणसं दगावली, त्यात कितीतरी मुलं होती, आणि पुढच्याच वर्षी तिथे औषधांच्या सुरक्षिततेचा नवा कायदा झाला. तरीही 2022 च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेला गांबिया या आफ्रिकी देशातल्या 66 मुलांच्या मृत्यूंच्या संदर्भात खोकला-सर्दीच्या औषधांबद्दल जगाला सावध करावं लागलं. पंचाऐंशी वर्षांनी, तेच विष, आणि तेही आपोआप बऱ्या होणाऱ्या खोकल्यासाठी दिलेल्या बाटलीतून. हे वाचलं की माझा हात बाटलीकडे जातच नाही. कुठलंही औषध द्यायचं ते डॉक्टरांनी मुलाला तपासून, त्याचं वजन बघून सांगितलेलं, आणि मोजायचं ते सिरिंजने किंवा बाटलीबरोबर आलेल्या मापाने. घरातल्या चमच्यांचं माप एकसारखं नसतं.

मधाच्या बाबतीत मात्र आईचं म्हणणं बरोबर निघालं, ते मी तिला मुद्दाम वाचून दाखवलं. 2007 मध्ये अमेरिकेत 105 मुलांवर एक अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना झोपण्याआधी मध दिला, काहींना मधाच्या चवीचं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हे खोकल्याचं औषध, काहींना काहीच नाही. मध मिळालेल्या मुलांची रात्र सगळ्यात बरी गेल्याचं आईबापांनी सांगितलं. औषध मात्र काहीच न देण्यापेक्षा फारसं सरस ठरलं नाही. थोरलीला आम्ही झोपायच्या थोडं आधी अर्धा छोटा चमचा मध देतो आणि मग दात घासतो. घशावर त्याचा लेप बसतो, खवखव कमी होते.

धाकट्याला मधाचं बोटसुद्धा लावायचं नाही, यावर घरात एकमत आहे. 1 वर्षाखालच्या बाळाच्या आतड्यात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू रुजू शकतात आणि तिथे विष तयार करू शकतात. हा तान्ह्या बाळांचा आजार 1976 मध्ये ओळखला गेला. बाळाला शी होत नाही, रडणं क्षीण होतं, ओढून पिता येत नाही, मान आणि अंग सैल पडतं. मध उकळला तरी ते बीजाणू मरत नाहीत. त्यामुळे "जरासा चाटवला तर काय होतं" याला जागाच उरत नाही. वर्ष पूर्ण होईपर्यंत नाही म्हणजे नाही.

मग रात्री करायचं काय? करण्यासारखं पुष्कळ असतं, फक्त ते बाटलीत मिळत नाही. उबळ आली की मी थोरलीला उठवून बसवतो, छातीशी धरतो, आणि उबळ ओसरेपर्यंत काहीही बोलत नाही. तेव्हा तिला बोलायला लावलं की ती आणखी खोकते. मग घोट घोट कोमट पाणी. नाक चोंदलं असेल तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब. धाकट्याला हे थेंब पाजायच्या थोडे आधी, म्हणजे नाक मोकळं होऊन तो पोटभर पितो. सर्दीत त्याला एका वेळी जास्त जात नाही, म्हणून थोडं थोडं, पण जास्त वेळा. पुरेसं पोटात जातंय का हे लंगोटावरून कळतं. नेहमीपेक्षा निम्मेच लंगोट ओले व्हायला लागले, किंवा तो नेहमीच्या निम्म्याहून कमी प्यायला लागला, तर दाखवायचं.

ताप असेल आणि त्याने मूल हैराण असेल तर डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेलं पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन मुलांना द्यायचं नाही. 3 महिन्यांच्या आतल्या बाळाला 38 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप असेल तर घरी काहीही करत न बसता लगेच डॉक्टरांकडे, मग खोकला असो वा नसो.

वाफारा आम्ही बंद केला. वाफेने खोकला बरा होतो याला भक्कम पुरावा नाही, आणि उकळत्या पाण्याचं भांडं सांडून मुलं भाजल्याची उदाहरणं कमी नाहीत. छातीला चोळायचे कापूर-मेंथॉलचे मलम 2 वर्षांखाली नकोत. कापूर पोटात गेला तर झटके येतात, आणि छातीला लावलेलं मूल कधी बोटांनी तोंडात घालेल याचा भरवसा नसतो. धुरापासून मूल लांब हवं. विडी-सिगारेटचा, चुलीचा, कसलाही धूर असो. "बाहेर जाऊन ओढून येतो" म्हणणाऱ्यांच्या कपड्यांना, केसांना धुराचे कण चिकटून घरात येतात, हे मी आल्या-गेल्यांना स्पष्ट सांगतो. वाईट दिसलं तरी सांगतो.

आणखी एक गोष्ट ज्यावरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली: सर्दीत धाकट्याच्या डोक्याखाली उशी द्यावी का. द्यायची नाही. वर्षाखालचं बाळ सर्दीतही सपाट, घट्ट गादीवर उताणंच झोपवायचं. उशीने मान दुमडली तर श्वासाची वाट आणखी अरुंद होते. फारच कुरकुरला तर आमच्यापैकी कुणीतरी जागं राहून त्याला उभं धरतं, आणि धरणाऱ्याच्या डोळ्यांवर झापड यायला लागली की बाळ दुसऱ्याकडे द्यायचं.

काही खोकले आवाजावरूनच ओळखावेत असे असतात, तेवढ्यापुरता कानांचा उपयोग मोठा. रात्री अचानक कुत्र्याच्या भुंकण्यासारखा घोगरा खोकला सुरू झाला तर तो बहुधा क्रूप. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो. त्यात स्वरयंत्राजवळ सूज असते आणि मूल रडलं की त्रास वाढतो, म्हणून आधी त्याला कुशीत घेऊन शांत करायचं आणि मग दाखवायचं. डॉक्टरांनी दिलेल्या डेक्सामेथासोन या सूज उतरवणाऱ्या औषधाच्या एका मात्रेने बहुतेक मुलांना काही तासांत आराम पडतो. डांग्या खोकल्यात एकामागून एक ढास लागत जाते, चेहरा लाल-निळा होतो आणि शेवटी श्वास खेचताना शीळ घातल्यासारखा आवाज येतो. पण अगदी लहान बाळांत तो आवाज येतच नाही, त्यांचा श्वास नुसता थांबतो. म्हणूनच त्याची लस वेळेवर द्यायला हवी, आणि आईला गरोदरपणात ती दिली तर बाळाला पहिल्या काही महिन्यांत संरक्षण मिळतं.

आणि तिसरा, ज्याची मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते तो: सर्दी नाही, ताप नाही, चांगलं खेळणारं मूल अचानक ठसका लागून खोकायला लागतं. तोंडात काहीतरी होतं. मूल जोरात खोकत असेल, रडत असेल तर त्याला खोकू द्यायचं, तोंडात बोटं घालायची नाहीत. आवाज बंद झाला, श्वास येईना, तर पालथं करून दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर 5 दणके. तेवढ्याने सुटलं नाही तर वर्षाखालच्या बाळाला छातीवर 5 दाब, वर्षावरच्या मुलाला पोटावर, आणि कुणाला तरी तोवर मदत बोलवायला लावायची. खोकून खोकून मूल शांत झालं तरी दाखवायलाच हवं. मणी किंवा दाणा श्वासनळीत पुढे सरकून, बहुतेकदा उजव्या बाजूला, अडकून बसतो आणि नंतर आठवडेच्या आठवडे "बरा न होणारा खोकला" म्हणून औषधं चालू राहतात.

राहिला प्रश्न किती दिवस वाट बघायची. सर्दीनंतरच्या खोकल्याबद्दल 2013 मध्ये वेगवेगळे अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं: निम्म्या मुलांचा खोकला 10 दिवसांत थांबतो, आणि दहांतल्या नऊ मुलांचा थांबायला 25 दिवस लागतात. चौथ्या-पाचव्या दिवशी "अजून बरं कसं नाही" म्हणून दुसरे डॉक्टर, मग तिसरे, मग अँटिबायोटिक, ही धावपळ बहुतेक वेळा या एका आकड्याच्या अज्ञानातून होते. विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. शेंबूड हिरवा झाला म्हणजे जंतूंचा संसर्ग झालाच असंही नाही. आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका द्रव्याचा तो रंग असतो. लहान मुलांना वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं नेहमीचंच आहे, त्यामुळे एक खोकला संपता संपता दुसरा लागतो आणि महिनोन्‌महिने एकच खोकला चालू आहे असं वाटत राहतं. मधे चार-पाच दिवस मूल स्वच्छ होतं का, ते आठवून बघावं. खोकला एकही दिवस न थांबता 4 आठवड्यांपुढे गेला, धावल्यावर किंवा पहाटे नेमाने यायला लागला, वजन वाढेनासं झालं, किंवा घरात कुणाला क्षयरोग असेल, तर मात्र दमा, क्षयरोग वगैरेंच्या दृष्टीने तपासणी हवी. क्षयाची शंका असेल तर 4 आठवडेही थांबायचं नाही, दोन आठवडे पुरे. जाताना रात्रीच्या खोकल्याचा आणि उघड्या पोटाचा व्हिडिओ फोनवर घेऊन जावा. दवाखान्यात पोचल्यावर मूल हमखास शहाण्यासारखं गप्प बसतं.

थोरली आता उतरणीला लागलीय. पळाली की खोकते, पण दोन्ही वेळा जेवते, झोपेतला श्वास तिशीच्या आत आहे. तिच्यासाठी घड्याळ लावणं मी थांबवलंय. धाकट्याचं नाक मात्र कालपासून वाहतंय, आणि आज दुपारी पहिल्यांदा खोकला. या वयात विषाणू खाली बारीक श्वासनलिकांत उतरला तर तिसऱ्या ते पाचव्या दिवशी त्रास सगळ्यात जास्त असतो, म्हणजे आमची कसोटी अजून पुढे आहे. मघाशी तो झोपेत असताना मोजले: बेचाळीस. बरगड्या ओढत नव्हत्या, संध्याकाळी नेहमीसारखा प्यायलाय. दर पाजण्याआधी मोजायचं आणि वहीत वेळेसह लिहायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय, आणि आकडा पन्नास किंवा त्याच्या वर गेला तर उद्या सकाळची वाट बघायची नाही, हेही.